पोरक्या वॉलबींच्या घरी शिकलेलं

माझी सगळी नोकरी नवजात शिशू कक्षात झाली. किलो-सव्वा किलोची, दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं आईच्या छातीला उघडी लावायची आणि वरून घट्ट दुपटं बांधायचं, याला आम्ही वॉर्डात ‘कांगारू केअर’ म्हणायचो. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली, कारण तिथे काचपेट्या पुरत नव्हत्या. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांसाठी जगभर तिची शिफारस करते. ज्या जनावरांवरून हे नाव आलं त्यांची पिशवी मात्र मी कधी जवळून पाहिली नव्हती. माझा भाचा ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात, होबार्टला राहतो. जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, त्याच्याकडे गेले तेव्हा हुऑन खोऱ्यातल्या एका लहान आश्रयस्थानात जायला मिळालं. तिथे आईविना राहिलेली वॉलबीची पिल्लं वाढवतात. ते चालवणाऱ्या बाईंच्या इच्छेनुसार त्यांचं आणि जागेचं नाव देत नाही. अनोळखी माणसांची वर्दळ वाढली की पिल्लांना त्रास होतो. त्या भेटीत जे पदरात पडलं ते इथे लिहिते आहे.

१. पिल्लं पोरकी होतात ती रस्त्यावर.

शहर मागे पडलं की रस्त्याच्या कडेला मेलेली जनावरं दिसू लागतात. बहुतेक दोन जातींची. एक बेनेट्स वॉलबी, कांगारूची धाकटी बहीण शोभेल अशी, मानेवर तांबूस झाक असलेली. दुसरी पॅडमेलन, तिच्याहून ठेंगणी आणि गोल अंगाची. पॅडमेलनची ही जात पूर्वी ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरही होती. तिथून ती नाहीशी झाली आणि आता फक्त टास्मानियात उरली आहे.

दोन्ही जनावरं दिवस मावळताना चरायला बाहेर पडतात. हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारास अंधार पडतो, आणि नेमकी तीच वेळ माणसांची कामावरून घरी परतण्याची. रस्त्यावरचं पावसाचं पाणी कडेला उतरतं, त्यामुळे कडेचं गवत हिरवंगार राहतं. वॉलबी त्या गवतासाठी येते आणि गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला की जागीच थांबते. आई मरते, पण पिशवीतलं पिल्लू तिच्या अंगाच्या आडोशाला असल्यामुळे पुष्कळदा वाचतं. आश्रयस्थानातल्या बहुतेक पिल्लांची कहाणी हीच होती.

जनावरांचं चित्र आणि ६५ किलोमीटरचा वेग लिहिलेल्या पिवळ्या पाट्या तिथे जागोजागी आहेत. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एवढाच वेग ठेवा, असं त्या सांगतात. भाचा तो पाळतो. मागून दिवे मिचकावणाऱ्या गाड्यांना तो बाजूला होऊन पुढे जाऊ देतो, पण वेग वाढवत नाही. त्या पिल्लांसाठी एवढ्या मोलाचं दुसरं काही कुणी करत असेल असं मला वाटत नाही. पिल्लू वाचवायला कितीतरी महिने राबावं लागतं. त्याची आई वाचवायची तर घरी दहा मिनिटं उशिरा पोहोचलं तरी भागतं.

२. पिल्लाच्या तोंडातून आचळ ओढायचं नसतं.

वॉलबीचा गर्भकाळ सुमारे ३० दिवसांचा. जन्मतं ते पिल्लू राजम्याच्या दाण्याएवढं, वजन एक ग्रॅमहूनही कमी. डोळे मिटलेले, मागचे पाय नुसते कोंब, पण पुढचे पाय आणि पंजे तयार असतात. त्यांच्या जोरावर ते आईच्या केसांना धरत स्वतःच पिशवीत चढतं आणि आचळ तोंडात घेतं. ते आचळ तोंडात फुगतं, त्यामुळे पिल्लू पुढे कित्येक आठवडे तिथेच अडकून राहतं. सातशे ग्रॅमचं बाळ हातात घेताना ज्यांचा श्वास अडखळलेला आहे, त्यांना एक ग्रॅम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

म्हणूनच रस्त्यावर मेलेल्या मादीच्या पिशवीत आचळाला चिकटलेलं लहान पिल्लू सापडलं तर ते ओढून सोडवू नये. तोंडाला, जबड्याला इजा होते. आईचा देहच पिल्लासकट बचावकर्त्यांकडे नेणं चांगलं. ते जमणार नसेल तर आचळ आईच्या बाजूने कापायचं आणि त्याच्या मोकळ्या टोकात सेफ्टी पिन घालून ती कापडी पिशवीला अडकवायची, म्हणजे पिल्लू ते गिळत नाही. हे ऐकायला कठोर वाटतं. बाईंनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात कसलीही चलबिचल नव्हती, आणि मला ते पटलं. आणीबाणीत हात थरथरत असला तरी क्रम चुकता कामा नये, हेच आम्ही वॉर्डात नव्या मुलींना शिकवायचो.

पिशवी पाहून झाली की मेलेलं जनावर रस्त्यापासून दूर ओढून ठेवतात. मांस खायला टास्मानियन डेव्हिल आणि गरुड येतात, आणि मेलेलं जनावर डांबरावरच राहिलं तर तेही गाडीखाली येतात. देहावर रंगाचा फवारा मारून ठेवतात. म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की ही पिशवी तपासून झालेली आहे.

३. ऊब आधी, दूध मागाहून.

आमच्याकडे खेड्यातून थंडगार पडलेलं बाळ यायचं आणि सोबतची आजी म्हणायची, “सिस्टर, उपाशी आहे हो, आधी दूध पाजा.” तिची माया खरी होती, पण गार पडलेल्या बाळाला दूध पचत नाही, ते श्वासनलिकेतही जाऊ शकतं. आधी अंग तापवायचं, मग पाजायचं. हुऑनच्या त्या घरात हाच नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला दिसला आणि मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं झालं.

अंगावर लव न आलेल्या पिल्लाच्या पिशवीतलं तापमान ३२ ते ३४ अंशांच्या आसपास ठेवतात, लव आलेल्याचं २८ च्या जवळपास. प्रत्येक पिशवीत तापमापकाची बारीक वायर सोडलेली होती आणि आकडा बाहेर दिसत होता. पिशव्या दोन पदरी. आत मऊ सुती कापड, ते दर खेपेला बदलायचं. बाहेर लोकरीची जाड पिशवी. लव नसलेल्या पिल्लाची कातडी कोरडी पडून तडकते म्हणून तिला मलम चोळतात. जुलैमध्ये तिथे जी पिल्लं होती त्यांतली बरीच त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जन्मलेली, म्हणजे चार-पाच महिन्यांची. डोळे नुकते उघडलेले, अंग गुलाबी, कान मागे पडलेले.

एका पिल्लाला दूध पाजताना आम्ही काचेपलीकडून पाहिलं. बाईंनी त्याला पिशवीतून बाहेर काढलंच नाही. पिशवीसकट मांडीवर घेतलं, डोळ्यांवर कापडाची घडी ओढली आणि लांब, बारीक रबरी निपल बसवलेली बाटली तोंडात दिली. दूध संपल्यावर ओल्या मऊ कागदाने शेपटीखाली हलकेच पुसत राहिल्या, तेव्हा कुठे ते मुतलं. पिशवीत हे काम आई जिभेने करते. मग त्यांनी वेळ, किती मिलिलिटर दूध प्यायलं, शी-शू कशी झाली ते वहीत लिहिलं. वहीचे रकाने पाहून मला आमचा वॉर्डातला तक्ता आठवला. रात्री तीनच्या नोंदीतलं अक्षरही तसंच थकलेलं होतं.

४. दूध म्हणजे नुसतं दूध नव्हे.

वॉलबीच्या दुधाबद्दल जे कळलं त्याने मी थक्क झाले. पिल्लू लहान असताना दूध पातळ असतं, त्यात स्निग्धांश कमी. पिल्लू पिशवीबाहेर पडायच्या सुमाराला स्निग्धांश वाढतो आणि शर्करा घटते. पिशवीबाहेर उड्या मारणारं मोठं भावंड आणि आत नुकतं जन्मलेलं धाकटं, दोघंही पीत असतील तर आई शेजारशेजारच्या दोन आचळांतून दोन वेगळ्या प्रकारचं दूध देते. याच वेळी तिच्या गर्भाशयात आणखी एक गर्भ पेशींच्या चिमुकल्या गोळीच्या रूपात थांबलेला असू शकतो. पिशवीतली जागा मोकळी झाली की तो वाढू लागतो.

ही आई माणसाने बाटलीत उतरवायची म्हणजे केवढं काम! गाईचं दूध चालत नाही. त्यातल्या दुग्धशर्करेतून निघणारा गॅलॅक्टोज या पिल्लांच्या शरीराला नीट हाताळता येत नाही, त्यामुळे जुलाब होतात आणि डोळ्यांत मोतीबिंदू होतो. गॅलॅक्टोसेमिया या दुर्मीळ आजारात माणसाच्या बाळाचंही असंच होतं, म्हणून मला हे लगेच उमगलं. रस्त्यावर सापडलेल्या पिल्लाला कनवाळूपणे पाजलेलं गाईचं दूध त्याची दृष्टी घालवू शकतं. वोम्बारूसारख्या ऑस्ट्रेलियन कंपन्या या पिल्लांसाठी दुधाची खास पावडर बनवतात, तीही वयाच्या टप्प्यांप्रमाणे वेगवेगळी. वय ठरवण्यासाठी पाऊल आणि शेपटी मोजतात, वजन घेतात आणि वाढीच्या तक्त्याशी ताडतात. आम्ही बाळाच्या तळपायावरच्या रेषा आणि कानाच्या पाळीचा ताठपणा पाहून ते किती आठवड्यांचं ते ठरवायचो.

५. कुरवाळण्याची हौस पिल्लाच्या जिवावर येऊ शकते.

भेटीतलं सगळ्यांत महत्त्वाचं हे, म्हणून यावर थोडं थांबते.

भाच्याची मुलगी बरोबर होती. तिला एकच ध्यास होता. गाडीत बसल्यापासून विचारत होती, “आजी, मला मांडीवर घ्यायला मिळेल ना?” बाईंनी तिला दारातच खाली बसून समजावलं. हात खिशात ठेवायचे, हळू बोलायचं, काचेच्या अलीकडे थांबायचं. पोर हिरमुसली. मीही मनातून थोडी हिरमुसले, कारण बाळ दिसलं की उचलायचं ही हाताला लागलेली सवय आहे.

मग त्यांनी कारण सांगितलं. वॉलबी हे शिकार होणारं जनावर. अनोळखी वास, आवाज, डोळ्यांत डोळे घालून पाहणं, हे सगळं तिच्या शरीराला शिकाऱ्यासारखं वाटतं. ती ओरडत नाही, चावत नाही, नुसती गप्प होते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की किती शांत बसली आहे. आत मात्र भीतीने स्नायू तुटू लागतात. तुटलेल्या स्नायूंतली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडांवर आणि हृदयावर ताण आणतात. जनावर त्याच दिवशी दगावेल असं नाही, काही दिवसांनीही जातं. तोवर त्याला मांडीवर घेऊन फोटो काढणारा माणूस आपल्या घरी पोहोचलेला असतो.

भीतीच्या खुणा बारीक असतात. दात चावण्याचा आवाज, कान सारखे फडकणं, अंगाला कापरं, पुढचे पाय पुन्हा पुन्हा चाटणं. पाय चाटण्याचा अर्थ उकडतंय असाही असतो, म्हणून आधी तापमापक पाहायचा. मला हे शिकायला सोपं गेलं. दिवस न भरलेल्या बाळालाही फार हाताळलेलं सोसत नाही. त्याचा रंग बदलतो, श्वास थांबतो, म्हणून आम्ही दिवा मंद ठेवायचो आणि सगळी कामं एका हाताळणीत उरकायचो. ‘मिनिमल हँडलिंग’ ही पाटी काचपेटीवर लावली की नातेवाइकांना ती निष्ठुर वाटायची. खरी माया त्या पाटीमागेच असते, हे मी तेव्हाही मानत होते आणि आता अधिकच मानते.

परतताना मुलीने विचारलं, “मग त्या बाई त्यांच्यावर प्रेम करत नाहीत का?” भाचा म्हणाला, “करतात की. म्हणून तर हात लावत नाहीत.” ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही.

६. मांजर.

एवढ्यावर हा मुद्दा संपवता येईल. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीपुढे वॉलबी फारच दुबळी ठरते. मांजरं युरोपियन वसाहतवाल्यांबरोबर आली, त्यामुळे त्या भूमीतल्या जनावरांना या रोगाची सवयच नव्हती. ज्या घरात पोरकी पिल्लं वाढतात तिथे मांजर नसतं, आणि कुत्र्याच्या वासाचे कपडे घालून आत जाता येत नाही.

७. पाव देऊ नका.

पर्यटकांच्या हातून पाव, बिस्किटं खाण्याची सवय लागलेल्या वॉलबींना जबडा सुजण्याचा रोग होतो. मऊ, चिकट अन्न दातांत अडकतं, हिरडीत जिवाणू शिरतात आणि हाडापर्यंत पू होतो. शेवटी जनावराला खाता येत नाही. समुद्रकिनाऱ्यावरच्या गाडीतळाशी माणसांच्या जवळ येणाऱ्या वॉलबी पाहून आनंद वाटतो खरा, पण त्या जवळ का येतात हे मनात आलं की पिशवीतला पाव पिशवीतच राहतो. टास्मानियातल्याच ब्रूनी बेटावर पांढऱ्या रंगाच्या बेनेट्स वॉलबी आहेत. त्यांनाही दुरूनच पाहावं.

जनावरं जवळून पाहायची असतील तर होबार्टच्या उत्तरेला ब्रायटनमध्ये बोनोरोंग अभयारण्य आहे. ते १९८१ पासून चालू आहे. जंगलात परत सोडता न येणारी, सांभाळलेली जनावरं तिथे असतात, आणि पाहुण्यांना कुणाला काय खाऊ घालता येईल ते तेच ठरवतात. जखमी जनावर सापडलं तर रात्री-अपरात्री फोन करायची त्यांची सेवाही चालते. तिकिटाचे पैसे अशा ठिकाणी गेले तर मला ते देवळातल्या पेटीत टाकल्याइतकेच योग्य वाटतात.

८. त्याच राज्यात त्यांची शिकारही होते.

हे मला आधी माहीत नव्हतं आणि कळल्यावर बेचैन झाले. टास्मानियात बेनेट्स वॉलबी आणि पॅडमेलन या दोन्हींची परवाना काढून शिकार करता येते, शेतकऱ्याला पिकाच्या रक्षणासाठीही परवानगी मिळते. वॉलबीचं मांस तिथे दुकानात विकतात. ज्या जनावराच्या पिल्लाला कुणी रात्री तीन वाजता उठून दूध पाजतं, त्याच जनावराला गोळी घालून त्याचं मांस चटणी-लोणच्यासोबत ताटात वाढलं जातं.

बाईंना मी हे सरळच विचारलं. त्यांच्या शेजारी मेंढ्या पाळणारा शेतकरी आहे, तो शिकार करतो, आणि तोच मेलेल्या मादीच्या पिशवीतली पिल्लं त्यांच्याकडे आणून देतो. त्या त्याच्याशी भांडत नाहीत. आपल्याकडे उसाच्या फडात बिबट्याचे बछडे सापडतात तेव्हाही गावात दोन मतं असतात. जुन्नरच्या बाजूला वनखातं आणि तिथले प्राणिमित्र ते बछडे त्याच जागी ठेवून आईला रात्री येऊ देतात. ज्याच्या शेळ्या गेल्या तो शेतकरीही तिथेच राहत असतो. अशा ठिकाणी काम करायचं तर शेजाऱ्याशी बोलणं टिकवावं लागतं. ते सोपं नाही, आणि जे करतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

९. शेवटी पिल्लाने आपल्याला विसरायला हवं.

बेनेट्स वॉलबीचं पिल्लू सुमारे नऊ महिन्यांचं झालं की पिशवीतून कायमचं बाहेर येतं, आणि त्यानंतरही काही महिने दूध पीत राहतं. आश्रयस्थानात या काळाची तयारी फार आधीपासून चालते. एकट्या पिल्लाला माणसाचा लळा लागतो, म्हणून शक्यतो दोन-तीन पिल्लं एकत्र वाढवतात. गवत, ताजी माती, निरोगी मोठ्या वॉलबीच्या लेंड्या त्यांच्यासमोर ठेवतात. गवत पचवणारे सूक्ष्म जीव पोटात येतात ते अशानेच. मग मोठ्या कुंपणात सोडायचं, तिथे माणसाने कमी कमी जायचं, बोलणं बंद करायचं, आणि एके दिवशी कुंपणाचं दार उघडं ठेवायचं. काही पिल्लं चार-पाच रात्री खाण्यासाठी परत येतात, काही येत नाहीत.

आमच्या वॉर्डातून बाळ घरी गेलं की आई पेढे घेऊन यायची, वर्षाने पाय फुटलेल्या बाळाला दाखवायला आणायची. त्या भेटींवर आम्ही जगलो. हुऑनच्या बाईंना पेढे कोण आणणार? एखादी वॉलबी त्यांना पाहून उलटी पळाली तर तेच त्यांच्या कामाचं यश. हे सोसायला मन किती मोठं हवं, याचा मी अजून विचार करते आहे.

१०. मदत करायची तर काय हवं ते आधी विचारावं.

ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांत न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारने खडकांत राहणाऱ्या वॉलबींसाठी आकाशातून गाजरं आणि रताळी टाकली. त्याच वेळी जगभरातल्या बायकांनी पिल्लांसाठी इतक्या पिशव्या विणून-शिवून पाठवल्या की आता पुरे, असं तिथल्या संस्थांना सांगावं लागलं. बाईंनी सांगितलं की त्यांना लोकरीच्या पिशव्यांपेक्षा आतल्या सुती पिशव्या जास्त लागतात, कारण त्या दिवसातून अनेकदा बदलाव्या लागतात आणि धुऊन धुऊन विरतात.

तेव्हा भाच्याच्या घरी बसून मी त्या शिवल्या. बाईंनी नमुना दिला होता. कापड शंभर टक्के सुती आणि धुऊन मऊ झालेलं हवं. तळ गोल ठेवायचा, कोपरा ठेवायचा नाही, कारण कोपऱ्यात पाय दुमडतो. शिवण बाहेरच्या बाजूला घ्यायची आणि तिच्या कडा दुमडून बंद करायच्या, आत एकही सुटा धागा राहता कामा नये. धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडून बोट जातं. नवजात बाळांच्या हातमोज्यांत असं झालेलं आम्ही पाहिलेलं आहे, म्हणून मी प्रत्येक पिशवी आत हात घालून, बोटं फिरवून तपासली. भाच्याची मुलगी धागे कापायला बसायची. मी नेलेल्या जुन्या सुती साडीच्याही दोन-तीन झाल्या, आणि त्या बाईंनी उकळून वापरायला घेतल्या.